टेनकिलच्या मेंढ्या

(तालुक्याच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि एवढ्या उकाड्यात इथवर आलेले आपण सगळे,

पत्रिकेत विषय छापलाय ‘बंडखोर ते विधानसभा अध्यक्ष’. पीटर लॉलर नावाचा एक आयरिश माणूस ऑस्ट्रेलियात गेला, सरकारविरुद्ध बंदूक घेऊन उभा राहिला, त्यात एक हात गमावला आणि पुढे त्याच वसाहतीच्या विधानसभेचा अध्यक्ष झाला. त्याच्या विधिमंडळातल्या तीसएक वर्षांबद्दल बोलायचं मी कबूल केलंय. तिथपर्यंत मी येणार आहे. पण वाट जरा लांबची आहे, सांभाळून घ्या.

माझी मुलगी मेलबर्नच्या उत्तर भागात राहते. तिच्याकडे जायला मर्न्डा लाइनची लोकल पकडावी लागते आणि त्या लाइनवर एक स्टेशन आहे, एल-ए-एल-ओ-आर. तिथली बरीच माणसं त्याला ‘लेलर’ म्हणतात. माणसाचं नाव मात्र ‘लॉलर’. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतःची घरं बांधायला लोक एकत्र आले, त्यांनी सहकारी संस्था काढली आणि तिला पीटर लॉलरचं नाव दिलं. त्या संस्थेवरून वस्तीचं नाव पडलं. म्हणजे आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीला एखाद्या हुतात्म्याचं नाव द्यावं, तसंच. पण पुढे उच्चार बदलला. मुलीच्या शेजाऱ्याला मी विचारलं, हा लॉलर कोण? तो म्हणाला, ‘तो युरेकावाला, बंड केलेला.’ बरं, त्यानंतर काय केलं त्यानं? ते त्याला ठाऊक नव्हतं. एका रविवारच्या पहाटेची पंधरावीस मिनिटं लोकांच्या लक्षात आहेत. पुढचं अख्खं आयुष्य विसरलं गेलं आणि मागचंही. माझं म्हणणं असं आहे, की हा माणूस बंदुकीपासून वाचायला घेतला तर कळत नाही. तो मेंढ्यांपासून वाचायला हवा.

मेंढ्या म्हणजे खरोखरच्या मेंढ्या. सांगतो.

आयर्लंडच्या मध्यात क्वीन्स काउंटी नावाचा जिल्हा होता, आज त्याला लीश म्हणतात. तिथल्या टेनकिलमध्ये पॅट लॉलर नावाचा खातापिता कॅथलिक शेतकरी राहत होता. सातएकशे एकरांची जमीन, पण खंडाने कसलेली. अकरा मुलगे. त्यातला पीटर, जन्म ५ फेब्रुवारी १८२७.

तेव्हाच्या आयर्लंडमध्ये टाइद नावाचा कर होता. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. आता चर्च कुणाचं? इंग्लंडच्या राजाचं, प्रोटेस्टंट पंथाचं. शेतकरी बहुतेक कॅथलिक. म्हणजे ज्या देवळाची पायरी तुम्ही कधी चढणार नाही, त्या देवळाच्या पुजाऱ्याला खळ्यावरून दहावा वाटा. १८३१ च्या फेब्रुवारीत पॅट लॉलर भरसभेत उभा राहिला आणि म्हणाला, मी यापुढे टाइद देणार नाही. मी कायदा मोडणार नाही, मारामारी करणार नाही, जप्तीला आलात तर अडवणार नाही. फक्त हातानं पैसे काढून देणार नाही. आणि माझे शेजारी जप्तीचा माल विकत घेणार नाहीत, असा मला विश्वास आहे.

जप्ती आली. त्याच्या मेंढ्या नेल्या. पण त्याआधी पॅटनं प्रत्येक मेंढीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘टाइद’ असं उठवून ठेवलं होतं. लिलाव पुकारला, माणसं जमली, पण बोली कुणी लावेना. एकही नाही. मेंढ्या हाकत डब्लिनला नेल्या. तिथेही व्यापाऱ्यांनी अंगावरचं अक्षर वाचलं आणि हात खिशात घातले. शेवटी जहाजात घालून इंग्लंडला धाडल्या, तरी गिऱ्हाईक मिळेना. ती जनावरं या बाजारातून त्या बाजारात नुसती फिरत राहिली. पीटर तेव्हा चार वर्षांचा होता. घरासमोरून मेंढ्या गेल्या आणि परत आल्या नाहीत, एवढं चार वर्षांच्या पोरालाही समजतं.

मला ही गोष्ट इतकी का लागते, तेही सांगतो. मी महसूल खात्यात नोकरी केली. उमेदवारीच्या काळात एका गावी थकबाकीच्या जप्तीला साहेबांबरोबर गेलो होतो. विहिरीवरचं ऑइल इंजिन उचललं, चावडीपुढे ठेवलं, लिलाव पुकारला. गाव सगळं जमलेलं. साहेब म्हणाले, बोला. कुणी बोललं नाही. एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता, तोही मळायचा थांबला. अर्धा तास त्या इंजिनाभोवती शंभर माणसं गप्प उभी होती. इंजिनाच्या टाकीवर मालकाच्या मुलीनं खडूनं स्वस्तिक काढलेलं होतं, पाडव्याचं असावं. आम्ही पंचनामा केला आणि जीपमध्ये बसून परत आलो. माझ्या मांडीवर ती फाइल होती. पुढे कितीतरी वर्षांनी टेनकिलच्या मेंढ्यांबद्दल वाचलं, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती चावडी.

बोली न लावण्याच्या या शस्त्राला पुढे नाव मिळालं, तेही आयर्लंडातच. १८८० साली मेयो जिल्ह्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. लोकांनी त्याचं पीक काढायला, त्याला दुकानात माल द्यायला, त्याच्याशी बोलायलासुद्धा नकार दिला. त्याच्या आडनावाचाच शब्द झाला. आपण त्याला बहिष्कार म्हटलं आणि चतुःसूत्रीत बसवलं. बेळगावात १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली, तो होमरूल शब्दही तिकडचाच. त्याआधी १८९४ साली मद्रासच्या काँग्रेसला अध्यक्ष म्हणून अल्फ्रेड वेब हा आयरिश खासदार आला होता. म्हणजे ही मेंढ्यांची वाट आपल्या अंगणापर्यंत येते. असो. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, अध्यक्षांनी बोलावलं तर.

पॅट लॉलर १८३२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेला. थोरला मुलगा जेम्स फिंटन. प्रकृतीनं अधू, पण लेखणी आगीची. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, दुष्काळात दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. त्या दिवसांत जेम्स फिंटननं ‘द नेशन’ या पत्रात लिहिलं, की आयर्लंडचा खरा प्रश्न पार्लमेंटचा नाही, जमिनीचा आहे; आयर्लंडची जमीन आयर्लंडच्या लोकांची. या बाबतीत बापाचं आणि मुलाचं पटत नव्हतं. ते पत्र चालवणारा संपादक चार्ल्स गव्हन डफी. हे नाव ध्यानात ठेवा, परत येणार आहे. जेम्स फिंटन १८४९ च्या डिसेंबरात वारला, बेचाळिसाव्या वर्षी.

पीटर इंजिनीअरिंग शिकला. १८५२ च्या ऑक्टोबरात भाऊ रिचर्डबरोबर मेलबर्नला उतरला. आधी मेलबर्न–जीलाँग रेल्वेच्या कामावर, मग ओव्हन्सच्या खाणींवर, आणि १८५४ च्या सुरुवातीला बॅलरॅटला, युरेका नावाच्या पट्ट्यात. रिचर्ड पुढे मायदेशी परतला आणि तिकडे खासदार झाला. पीटर राहिला.

आता हे सोनं काढणं कसं होतं, ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोनं म्हटलं की आपल्याला नदीच्या वाळूत ताटली फिरवणारा माणूस दिसतो. बॅलरॅटला ते दिवस लवकर संपले. सोनं होतं जुन्या, गाडल्या गेलेल्या नदीच्या पात्रात, शंभर-दीडशे फूट खाली. तिथवर जायला विहीर खणायची. बाजू ढासळू नयेत म्हणून लाकडी फळ्या ठोकत ठोकत खाली जायचं. पाणी लागायचं, ते दिवसरात्र बादल्यांनी उपसायचं. यात महिनेच्या महिने जायचे. आणि तळाशी पोचल्यावर कळायचं, की पात्र वीस हात बाजूनं गेलंय. हाती काहीच नाही. आपल्याकडे बोअर फेल जाते ना, तसं. फक्त इथे ती हातानं खणलेली असायची.

आणि सरकार कर घेत होतं तो सापडलेल्या सोन्यावर नाही, खणण्याच्या परवान्यावर. सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग. पुढे तो थोडा कमी झाला, पण तत्त्व तेच राहिलं. सापडो न सापडो, पैसे आधी. म्हणजे बोअर फेल गेलेल्यालाही तोच भरणा आणि ज्याला गोळा लागला त्यालाही तोच. परवाना कागदाचा. तो सतत अंगावर पाहिजे. माणूस दीडशे फूट खाली गुडघाभर चिखलात उभा, कागद वर तंबूत कोटाच्या खिशात. घोडेस्वार शिपाई आले की वरून ओरडायचे, दाखव. चढून वर यायचं, दाखवायचं, परत उतरायचं. कागद भिजून अक्षर पुसलं गेलं, तर तोही गुन्हा. दंड पाच पौंड, आणि दंडातला अर्धा वाटा पकडणाऱ्याला. तुरुंग अपुरा, म्हणून पकडलेल्या माणसांना ओंडक्यांना साखळीनं बांधून ठेवायचे. शिपाई येताना दिसले की खाणीखाणीतून आरोळी उठायची, ‘जो! जो!’ आधीचा गव्हर्नर चार्ल्स जोसेफ ला ट्रोब, त्याच्या नावातला हा ‘जो’. नवा गव्हर्नर हॉथम आला, तिजोरी रिकामी पाहिली आणि हुकूम काढला, आठवड्यातून दोनदा झडती घ्या.

मी परवाने दिलेत, तपासलेत. अंगावरचा कागद मागणं ही साधी गोष्ट नाही हो. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत तेव्हा काय असतं, ते मी पाहिलंय. मताचा अधिकार नाही, जमीन विकत मिळत नाही, कारण आसपासची जमीन मेंढपाळ बड्यांच्या ताब्यात. आणि वर कागद दाखव. शिवाय ही सगळी भूमी मुळात वाडावुरुंग लोकांची. त्यांना तर कुणी काहीच विचारलं नव्हतं, ना सरकारनं, ना खाणवाल्यांनी.

१८५४ च्या ऑक्टोबरात जेम्स स्कोबी नावाचा खाणकामगार बेंटली नावाच्या हॉटेलवाल्याच्या दारापाशी मारला गेला. बेंटली सुटला. लोकांनी त्याचं हॉटेल जाळलं. नोव्हेंबरात बेकरी हिलवर सभा झाली, सुधारणा संघ निघाला. त्याचे पुढारी बहुतेक अर्ज-विनंत्यांचे. २९ तारखेला निळ्यावर पांढरा क्रूस आणि पाच तारे असा ‘सदर्न क्रॉस’चा झेंडा चढला, परवान्यांची होळी झाली. ३० ला सरकारनं मुद्दाम पुन्हा झडती काढली. त्या दुपारी लोक जमले, पण पुढारी कुणी पुढे होईना. तेव्हा लॉलर झाडाच्या खोडावर चढला. एवढ्या दिवसांत त्यानं तोंड फारसं उघडलं नव्हतं. त्यानं स्वतः पुढे निवेदन छापलं, त्यात तो सांगतो, की मी सभोवार पाहिलं तर हजारो मैलांवरून स्वाभिमानानं कष्ट करायला आलेली माणसं दिसली; भोवतीचं रान कसायला मिळालं असतं तर यांतले शेकडो सुखी झाले असते.

भोवतीचं रान कसायला मिळालं असतं तर! बंदूक हातात, समोर फौज, आणि हा माणूस बोलतोय शेताचं. हे वाक्य खाणकामगाराचं नाही. हे टेनकिलचं आहे. शपथही बघा: आम्ही एकमेकांच्या पाठीशी उभे राहू आणि आपल्या हक्कांसाठी, स्वातंत्र्यासाठी लढू. त्यात राणीचं राज्य उलथण्याचा शब्द नाही, प्रजासत्ताक नाही.

रविवार, ३ डिसेंबर. खाणवाल्यांनी उभारलेला लाकडी फळ्यांचा कच्चा कोट. शनिवारच्या रात्री बरीच माणसं आपापल्या तंबूत निघून गेली होती, आत उरलेली फार तर दीडशे. पहाटे पावणेतीनशेच्या आसपास सैनिक आणि पोलीस चालून आले. पंधरावीस मिनिटांत खेळ आटोपला. खाणवाले वीसबावीस तरी मेले, सैनिक पाचसहा. लॉलरच्या डाव्या खांद्यात गोळ्या बसल्या. साथीदारांनी त्याला फळ्यांखाली लपवलं. फौज त्याच्या बाजूनं फिरत होती आणि फळ्यांखालून रक्ताचा ओघळ बाहेर येत होता. अंधारात कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे फादर स्माइथच्या घरी त्याचा हात खांद्यापासून कापला. डोक्यावर २०० पौंडांचं इनाम लागलं. ते मिळवायला कुणीही पुढे आलं नाही. बोली न लावणारा गाव, पुन्हा तोच.

(या ठिकाणी वक्त्यांना वेळेची चिठ्ठी देण्यात आली.)

दहा मिनिटं? बरं. मग जे सांगायचं कबूल केलं होतं ते आता भरभर सांगतो.

तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला झाला, मेलबर्नच्या ज्यूरीनं तेराही सोडले. चौकशी आयोग बसला. मासिक परवाना गेला, वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला आणि त्याबरोबर मत आलं. त्याच वर्षी, १८५५ मध्ये, त्याच वसाहतीनं येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवायला ती माणसं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोबच्या किनाऱ्यावर उतरून शेकडो किलोमीटर पायी चालत खाणींवर यायची. खाणकामगारांचा कागद गेला आणि चिन्यांच्या गळ्यात नवा पडला. युरेकाचा सण साजरा करताना हे सांगितलं पाहिजे.

लॉलरवरचं इनाम मागे घेतलं गेलं. १८५५ च्या जुलैत त्यानं अ‍ॅलिशिया डन या शिक्षिकेशी लग्न केलं, तिनं त्याला पळण्याच्या दिवसांत सांभाळलं होतं. मित्रांनी वर्गणी काढली आणि त्याला बॅलरॅटजवळ १६० एकर जमीन घेऊन दिली. शेवटी शेतच. नोव्हेंबरात बॅलरॅटकरांनी त्याला बिनविरोध विधान परिषदेवर पाठवलं, म्हणजे कोट पडल्याला वर्षही झालं नव्हतं. १८५६ मध्ये तो विधानसभेत आला. गुप्त मतदान जगात सर्वांत आधी कायद्यानं आणणाऱ्या विधिमंडळांपैकी हे एक. आणि त्याच साली मेलबर्नला कोण उतरलं? चार्ल्स गव्हन डफी. ज्यानं थोरल्या लॉलरचे लेख छापले, तो धाकट्याबरोबर एकाच सभागृहात बसला आणि पुढे १८७१ मध्ये व्हिक्टोरियाचा, म्हणजे याच वसाहतीचा, प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री झाला.

पहिल्याच सभागृहात लॉलरनं आपल्या मतदारांना धक्का दिला. ज्याची मालमत्ता अनेक मतदारसंघांत, त्याला अनेक मतं, या तरतुदीला त्यानं पाठिंबा दिला. बॅलरॅट खवळलं, राजीनामा मागितला. तेव्हा त्यानं उत्तर दिलं, की लोकशाहीवादी म्हणजे चार्टिस्ट (इंग्लंडातले कामगारांच्या मताधिकारासाठी लढणारे), कम्युनिस्ट किंवा प्रजासत्ताकवादी म्हणत असाल तर मी तसा कधी नव्हतो आणि होणारही नाही. पण जुलमी वर्तमानपत्र, जुलमी जनता किंवा जुलमी सरकार यांना विरोध म्हणजे लोकशाही, तर मी तसा होतो, आहे आणि राहीन. लोक म्हणाले, बदलला. मी म्हणतो, नाही बदलला. कष्टानं मिळवलेल्या वस्तूवर दुसऱ्यानं हात टाकू नये, एवढंच त्याच्या घराण्याचं तत्त्व होतं. मेंढ्यांपासून परवान्यापर्यंत ते ठीक चाललं. पण ज्याच्याकडे मेंढ्याच नाहीत त्याच्या मताचं काय, या प्रश्नाला टेनकिलकडे उत्तर नव्हतं. जेम्स फिंटनकडे होतं कदाचित. पीटरनं ते घेतलं नाही.

पुढे १८५९ पासून साउथ ग्रँटचा आमदार. सभागृह समितीचा अध्यक्ष. ग्रॅहॅम बेरीच्या मंत्रिमंडळात जकातमंत्री. १८८० ते १८८७ विधानसभेचा अध्यक्ष. निवृत्तीच्या वेळी सभागृहानं चार हजार पौंड मंजूर केले. ९ फेब्रुवारी १८८९ ला मेलबर्नमध्ये वारला. याच क्रमानं आपण त्याचा सत्कार करून घरी जाऊ शकतो. पण मधल्या १८७३ बद्दल बोललो नाही, तर मी या विषयाशी प्रामाणिक राहणार नाही.

त्या वर्षी तो आमदार नव्हता, १८७१ ला पडला होता. क्लून्स गावच्या लोथेर खाणीचा एक संचालक होता. संचालकांनी म्हटलं, शनिवारी दुपारी आणि रविवारीही पाळी लावा. कामगारांनी नकार दिला, संप केला. तेव्हा त्यांच्या जागी चिनी कामगार आणायचं ठरलं, पोलीस बंदोबस्तात. ९ डिसेंबर १८७३. युरेकाला एकोणीस वर्षं आणि सहा दिवस झालेले. घोडागाड्या क्लून्सच्या वेशीवर आल्या, तर रस्त्यात आडवा कोट घातलेला. गाव सगळं बाहेर. बाया पदरात, झग्यात दगड घेऊन उभ्या. आत बसलेल्या चिन्यांचा यात काय दोष होता? दहा पौंडांचा कर सोसून किंवा शेकडो किलोमीटर चालून आलेली, पोटासाठी निघालेली माणसं ती. दगड त्यांनाच लागले. गाड्या मागे फिरल्या.

मी याचं समर्थन करणार नाही. त्याच्या चाहत्यांपैकी काही जण म्हणतात, तो फक्त एक संचालक होता, एकट्याचा निर्णय नव्हता. त्या जीपमध्ये मीही एकटा नव्हतो. साहेब होते, शिपाई होता, ड्रायव्हर होता. फाइल मात्र माझ्या मांडीवर होती आणि मी ती घट्ट धरून बसलो होतो. चावडी मागे पडेपर्यंत मी वळून पाहिलं नाही.

लॉलरचा बाप तेव्हा नव्हता, थोरला भाऊ नव्हता. क्लून्सच्या त्या बायांमध्ये युरेकाच्या कोटातली कुणाची तरी बायको, कुणाची तरी मुलगी असणारच, असं मला राहून राहून वाटतं. दोन वर्षांच्या आत मतदारांनी त्याला पुन्हा विधानसभेत पाठवलं.

प्रश्न असतील तर मी बाहेर चहाच्या टेबलापाशी आहे. आणि त्या मर्न्डा लाइनवर कधी गेलात, तर स्टेशनचं नाव ‘लॉलर’ असं म्हणा.